चार वाजून सतरा मिनिटं

आमच्या ह्यांनी पाय मोडून घेतला तो नेमका शिबिराच्या आदल्या दिवशी. माळ्यावरचा स्टँड काढायला स्टुलावर चढू नका, असं मी दोनदा बजावलं होतं. ऐकतील तर शपथ! चढले, पडले, आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून स्टुडिओच्या मागच्या खोलीत कॉटवर आडवे झाले. वर मलाच विचारतात, स्टूल डुगडुगतंय हे आधी का नाही सांगितलंस.

"आणि शिबिराचं काय?" मी विचारलं. एका शाळेत मुलांचं पाच दिवसांचं उन्हाळी शिबिर होतं. साठ मुलं, आणि फोटोंचं काम आम्ही घेतलेलं.

"तू जा."

"मी? तीस वर्षं काउंटरवर बसून पासपोर्टचे फोटो कापले मी. कॅमेरा पुसण्यापलीकडे कधी हात तरी लावलाय का?"

"मुलांचे फोटो काढायला अक्कल कमी लागते आणि गुडघे जास्त," हे म्हणाले. "तुझे गुडघे बरे आहेत."

मग पडल्या पडल्या शिकवणी सुरू झाली. उभ्याने काढायचा नाही, पोराच्या डोळ्यांच्या उंचीला खाली बसायचं, वरून काढला की नुसते भांग दिसतात. "हस बाळा" म्हणायचं नाही, पोरं दात विचकतात. त्यांना त्यांच्या नादात राहू द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. "तुला तेवढंच अवघड जाईल," हेही ऐकवून झालं. पळणाऱ्या मुलासाठी शटरचा वेग पाचशेच्या वर ठेवायचा, आणि ते जिथे पोचणार तिथे आधीच नेम धरून बसायचं. फोकस डोळ्यांवर. चेहऱ्यामागे काय आलंय ते बघायचं, नाहीतर कानातून खांब उगवलेला दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे यादी. साठ मुलांची यादी खिशात ठेवायची, एकेकाचा एक तरी चांगला फोटो मिळाला की खूण करायची.

"चुणचुणीत पोरांचे शंभर निघतात आणि कोपऱ्यात बसणाऱ्याचा एकही नाही," हे म्हणाले. "मग त्याच्या आईने बघायचं काय?"

हे मात्र मला पटलं. त्यांनी नवी बॅटरी घातली, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तारीख-वेळ लावली आणि कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला.

पहिल्या दिवशी मी एकशेनव्वद फोटो काढले. त्यातल्या निम्म्यांत मुलांचे पाय होते आणि उरलेल्यांत माझं बोट. हे रात्री जेवताना एकेक बघायचे आणि हसून हसून त्यांचं प्लास्टर हलायचं. मला असा राग आला की दुसऱ्या दिवशी मी मैदानावर चक्क पालथी झोपले. पण फोटो आला! एक मुलगा मातीचं भांडं करत होता, जीभ बाहेर, नाकावर चिखल, आणि डोळे असे स्वच्छ आलेले की त्यातली खिडकीसुद्धा दिसत होती. खरं सांगते, वयाच्या छपन्नाव्या वर्षी मला वेड लागायची पाळी आली. मुलं मला फोटोमावशी म्हणायला लागली. चौथ्या दिवशी ह्यांनी फोटो बघितले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडले. आमच्याकडे कौतुक असंच असतं.

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत यादीत एकोणसाठ खुणा झाल्या. राहिली एक, भिंगरी.

हे नाव तिला खेळाच्या सरांनी ठेवलेलं. सहा वर्षांची, हडकुळी, एका जागी उभी राहील तर नाव बदलीन. मी नेम धरेपर्यंत ती चौकटीच्या बाहेर. माझ्याकडे तिचे चाळीस फोटो होते, चाळीसच्या चाळीस पुसट. तिच्याबरोबर तिची नऊ वर्षांची बहीण होती. भिंगरी तिला ताई म्हणायची, म्हणून सगळं शिबिरच ताई म्हणायला लागलं. दोघींची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाणारी. ती रोज सकाळी गेटवर मोठीला बजावून जायची, "हात सोडायचा नाही." आणि ताई बिचारी खरंच दिवसभर त्या भिंगरीमागे धापा टाकत फिरायची. नऊ वर्षांच्या पोरीच्या कपाळावर आठी पडलेली मी पहिल्यांदा बघितली.

शेवटच्या दिवशी पोत्यांची शर्यत झाली. एकीकडे हवा भरलेला रबरी किल्ला आणि गाद्या, म्हणजे भाड्याने आणलेलं सगळं सामान, दोन माणसं गुंडाळून टेम्पोत भरत होती. मुलं सुटली आणि लपाछपी सुरू झाली. मी झाडाच्या सावलीत गुडघे टेकून बसले होते. डोळा कॅमेऱ्याला लावलेला. आणि समोरच्या झाडामागून भिंगरीचं डोकं बाहेर आलं. ती थांबली. देवाशप्पथ, थांबली! ओठांवर बोट ठेवून तिने मला "सांगू नको" अशी खूण केली. मी तीन वेळा बटण दाबलं.

तिच्या पापण्यासुद्धा मोजता येत होत्या. मी यादी काढली आणि साठावी खूण अशी जोरात केली की कागद फाटला. तेवढ्यात ताई आली. "मावशी, भिंगरी दिसली का?"

"मला काय माहीत बाई," मी म्हटलं. खेळ होता ना तो. ताई कपाळावरचा घाम पुसत दुसरीकडे गेली. मी हॉलमध्ये जिंकलेल्या मुलांचे बक्षिसांसकट फोटो काढले, मग कॅमेरा बंद करून पाणी प्यायला बसले. आपलं काम फत्ते झालं, या आनंदात होते मी.

साडेचारला शिट्टी झाली. मुलं ओळीत उभी राहिली. शिबिराच्या मोठ्या बाई मोजत गेल्या, आणि शेवटी पोचून परत पहिल्यापासून मोजायला लागल्या. एकोणसाठ. मधे ताई उभी होती आणि तिचा डावा हात मोकळा होता.

"भिंगरी कुठाय?" बाईंनी विचारलं.

"सापडत नाहीये," ताई म्हणाली. "मी मघापासून शोधतेय."

पाच मिनिटं सगळ्यांना वाटत होतं की आत्ता कुठूनतरी हसत येईल. हाका मारल्या. "खेळ संपला गं, ये बाहेर!" कोणी आलं नाही. बाईंचा चेहरा उतरत चालला. गेटवरचे काका वही घेऊन पळत आले. वहीत शेवटची नोंद होती: सामानाचा टेम्पो बाहेर, चार वाजून पाच. त्यानंतर गेटला कुलूप, किल्ली त्यांच्या कमरेला.

"टेम्पोत तर नाही ना चढली?" खेळाचे सर म्हणाले आणि त्यांनी ड्रायव्हरला लावायला फोन काढला.

आता माझ्या तोंडाबद्दल सांगायला हवं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं सासूबाई मला म्हणायच्या, आणि त्या माझं कौतुक करत नव्हत्या.

"थांबा हो सर," मी म्हटलं. "माझ्याकडे फोटो आहे तिचा." मी कॅमेरा चालू केला. झाडामागून डोकावणारी भिंगरी, ओठांवर बोट, आणि खाली बारीक आकड्यांत वेळ. चार वाजून सतरा. "बघा. टेम्पो गेला चार-पाचला. त्यानंतर बारा मिनिटांनी पोरगी इथे या झाडामागे उभी आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

सगळ्यांनी वाकून बघितलं. सरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि फोन खिशात टाकला. "म्हणजे आहे आवारातच."

"पण मावशी," ताई म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं ना, तेव्हा टेम्पो इथेच होता. गादी चढवत होते. तेव्हापासून ती नाहीये."

"नाही गं, तेव्हा गेला होता टेम्पो."

"नव्हता गेला. मी टेम्पोच्या मागेपण बघायला गेले, तर ते सामानवाले काका ओरडले मला."

"अगं, इथे वेळ लिहिलीय! कॅमेरा खोटं बोलतो की तू?"

मी हे सगळ्यांसमोर म्हणाले, मोठ्याने. ताईने तोंड मिटलं ते मिटलंच. खरं तर मलाही अंधुक आठवत होतं. त्या तीन फोटोंच्या वेळी डावीकडून कुणीतरी "हं, उचल" असं ओरडत होतं. पण आकडे समोर दिसत असताना आठवणीला कोण विचारतो?

मग शोध सुरू झाला. वर्ग, संडास, गच्चीचा जिना, स्टेजखालची पोकळी, सतरंज्यांचा ढीग. एक जण कुंपणाला लागून धावत फेरी मारून आला. कुंपणावर तारा, सहा वर्षांच्या पोरीने ओलांडण्यातलं नव्हतं. म्हणजे आत. आत कुठे? चार-सतरापर्यंत इथे होती, मग गेली कुठे?

तेव्हा शाळेच्या शिपाईमामांना जमिनीखालची पाण्याची टाकी आठवली. मागच्या बाजूला, नळांच्या शेजारी. आम्ही सगळे धावलो. लोखंडी झाकण अर्धवट सरकलेलं होतं.

मोठ्या बाई तिथेच जमिनीवर बसल्या. मामांनी सदरा काढला, कमरेला दोर बांधला आणि त्या चौकोनी भोकातून आत उतरले. पाणी छातीपर्यंत होतं. आतून त्यांचा आवाज घुमून यायचा, "इकडे नाही... थांबा... इकडे नाही..." सर मोबाइलचा उजेड आत धरून उभे होते. देवा, पाण्यात नको, देवा, पाण्यात नको, एवढंच मी मनात म्हणत होते.

अशा वेळी आई आली. पाचला न्यायला यायची, ती जरा आधीच आली. कुणी तिला काही सांगायची गरज पडली नाही. उघडी टाकी, दोर, सगळ्यांची तोंडं. तिने गर्दीत आधी मोठीला शोधलं आणि तिचा दंड पकडला.

"एक काम सांगितलं होतं तुला! एकच!" आणि तिच्या गालावर चपराक ओढली.

"लपायचं म्हटल्यावर हात कसा धरणार?" ताई एवढंच पुटपुटली. रडली नाही. मोठ्या बाईंनी आईला धरलं. ताई मागे मागे सरकत भिंतीला टेकली. पाच बोटं उमटली होती तिच्या गालावर.

मला तिथे उभं राहवेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी कॅमेऱ्यातले फोटो चाळायला घेतले. चार-सतरानंतरच्या एखाद्या फोटोत, कुणाच्या पाठीमागे, दारात, खिडकीत, कुठेतरी ती दिसेल. चेहऱ्यामागे काय आलंय ते बघायचं, हे म्हणाले होते. मी एकेक फोटो मोठा करून मागचं बघत होते. हॉलमधले बक्षिसांचे फोटो. चमचा-लिंबूची विजेती, मागे पडदा. चित्रकलेचा पहिला, मागे टेबल. पोत्यांच्या शर्यतीतला दुसरा, मागे दार, दारावर शाळेचं भिंतीवरचं घड्याळ.

घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती. फोटोखाली लिहिलं होतं चार तेहेतीस.

आधी वाटलं, शाळेचं घड्याळ मागे आहे. मग मी पिशवीतून मोबाइल काढला. पाच वाजून तीन मिनिटं. कॅमेरा जमिनीकडे धरून बटण दाबलं. फोटोत माझ्या चपला आल्या, आणि खाली वेळ आली पाच अठ्ठावीस.

आमच्या दुकानातलं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे असतं. सासऱ्यांच्या वेळेपासून. लग्नाच्या ऑर्डरला कधी उशीर होऊ नये म्हणून त्यांनी ते पुढे केलं, आणि नंतर कुणी मागे आणलंच नाही. घरातला जो तो बघताना मनातल्या मनात पंचवीस वजा करतो. इतकी सवय की वजा करतोय हेही कळत नाही. त्याच घड्याळाकडे बघून ह्यांनी कॅमेरा लावला होता, आणि तो आकडा दुसऱ्या ठिकाणी नेऊन मी वजाबाकी विसरले.

चार-सतरा नाही. तीन बावन्न. टेम्पो जायच्या तेरा मिनिटं आधी.

"सर!" माझ्या तोंडून कसला आवाज निघाला कुणास ठाऊक, मामासुद्धा पाण्यातून वर बघायला लागले. "सर, टेम्पो! फोटो टेम्पोच्या आधीचा आहे! ड्रायव्हरला फोन लावा!"

का, कसं, कुणी विचारलं नाही. सरांनी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. मग सामान भाड्याने देणाऱ्या दुकानदाराला लावला. तो परगावी होता. म्हणाला, टेम्पो दुकानामागच्या मोकळ्या जागेत लावलेला असेल, सामान उद्या उतरवायचं होतं, ड्रायव्हर आंघोळीला घरी गेला असेल, किल्ली त्याच्याकडे. टेम्पो चारी बाजूंनी बंद, पत्र्याचा. आणि बाहेर ऊन असं की मैदानावरचा नळ हाताला चटका देत होता.

"शेजारी पंक्चरवाला आहे," दुकानदार ओरडून सांगत होता, "त्याला फोन करतो, कुलूप तोडायला सांगतो, तुम्ही निघा!"

सरांनी मोटरसायकल काढली आणि मी मागे बसले. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. त्या रस्त्यावर दोन सिग्नल होते आणि सरांनी दोन्ही तोडले. कॅमेरा माझ्या छातीवर आपटत होता. मला तो काढून रस्त्यात फेकून द्यावासा वाटत होता. मी हिशेब करत होते आणि हिशेब थांबत नव्हता. साडेचारनंतर पाच मिनिटांनी सरांच्या हातात फोन होता. तेव्हा ड्रायव्हर टेम्पो लावून नुकताच खाली उतरत असेल. एक फोन, आणि त्याने मागचं दार उघडलं असतं.

पंक्चरवाला एकटाच होता. बनियनवर, घामाने निथळत, टायर काढायच्या लोखंडी कांबीने कुलपावर घाव घालत होता. आम्ही उतरेपर्यंत कुलूप तुटलं आणि त्याने दार ओढलं. आतून जी वाफ आली ती मला चार हातांवर लागली.

"बाळा!" सर ओरडले. उत्तर नाही.

गाद्यांच्या गुंडाळ्या छतापर्यंत. सर आणि पंक्चरवाला एकेक ओढून बाहेर फेकायला लागले. मी खाली वाकून फटींमधून बघत होते. रबरी किल्ल्याच्या घडीमागे मला एक पाय दिसला. "इथे! इथे आहे!" मी हात घातला. पाय हाताला भाजला, इतका गरम.

तिला बाहेर काढलं तेव्हा तोंड लालबुंद होतं, ओठ पांढरे, आणि अंगावर घामाचा थेंब नाही. डोळे अर्धवट उघडे, पण बघत नव्हते. छाती मात्र भरभर हलत होती. सर तिला हलवून हाका मारायला लागले. ज्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात, ते काळं पाण्याचं घमेलं पंक्चरवाल्याने उचललं आणि सगळंच्या सगळं तिच्यावर ओतलं. मग पळत जाऊन दुसरं आणलं. तेही ओतलं.

ती एकदा कण्हली. एवढंसं. मी तिथे मातीत बसून ढसाढसा रडले.

रस्त्यावरची पहिली गाडी सरांनी आडवं उभं राहून थांबवली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझा पदर ओला करून मी तिचं तोंड पुसत होते. ती मधेच बडबडायची, मधेच गप्प व्हायची. गप्प झाली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचे.

तिला आत नेलं. अर्ध्या तासात सगळे येऊन पोचले. आई, ताई, मोठ्या बाई, गेटवरचे काका, ओल्या विजारीतले शिपाईमामा. आईला आत सोडलं नाही. ती दाराच्या काचेला नाक लावून उभी होती.

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. कुणीतरी कळवलं होतं. मी जिन्यापाशी जाऊन सगळं सांगितलं. घड्याळाचंही.

"चूक माझी आहे," हे म्हणाले. "वेळ मी लावली. पण आत्ता कुणाजवळ बोलू नकोस. पोरगी सापडली ना? लोक उद्या म्हणतील स्टुडिओवाल्यांमुळे झालं. आपलं दुकान आहे, अगं."

"बघते," मी म्हटलं आणि ठेवला. त्यांचं चुकलं असं मला त्या क्षणी वाटलंही नाही. गप्प बसणं किती सोपं होतं! कुणाला काही कळलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "ताप उतरतोय. आईचं नाव घेतलं तिने," त्या म्हणाल्या. "आज रात्र इथे ठेवू, पण धोका टळलाय. वेळेवर पाणी ओतलंत म्हणून निभावलं. अजून पाव तास तिथे राहिली असती तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मोठ्या बाई हात जोडून रडायला लागल्या. माझ्या डोक्यात मात्र तो पाव तास बसला. मी अठ्ठावीस मिनिटं घालवली होती.

"या मावशींचे उपकार आहेत," मोठ्या बाई आईला सांगत होत्या. "आम्ही सगळे टाकीपाशी खिळून होतो. यांनीच फोटो बघून ओळखलं. यांच्या कॅमेऱ्यामुळे मिळाली तुमची लेक." सरांनी मान हलवली आणि ते दोघं जिन्यापाशी बाकीच्यांकडे गेले. आई माझ्याकडे आली. तिने माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि त्यांवर डोकं टेकलं. तिच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते, ते मला लागत होते. "तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून, मावशी."

तिच्या खांद्यावरून मला बाक दिसत होता. बाकाच्या टोकाला ताई बसली होती, पाय लोंबकळत, एकटी. गालावरचा वळ अजून उतरला नव्हता. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. आणि ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही हो. मी काय बोलते ते ऐकायला बघावं, तशी.

"तुमच्या मोठीने मला सांगितलं होतं," मी म्हटलं.

आईने डोकं वर केलं. "काय?"

"पहिल्यांदाच. साडेचारनंतर लगेच. टेम्पो इथे होता तेव्हापासून ती नाहीये, असं ती म्हणाली. टेम्पोमागे बघूनही आली होती. सर फोनच लावत होते. मी लावू दिला नाही. माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे होतं, आणि मी तपासलं नाही. अर्धा तास माझ्यामुळे गेला. तुमच्या मोठीमुळे नाही."

आईने माझे हात सोडले. आधी एक सोडला, मग दुसरा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. पण ती वळली, बाकाजवळ गेली आणि ताईच्या समोर खाली बसली. तिने त्या वळावर हात ठेवला.

"तुम्ही जा आता," ती मला म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी निघाले. तेव्हा ताई बाकावरून उतरली आणि माझ्या वाटेत उभी राहिली.

"म्हणजे मी खरं बोलत होते?"

"हो," मी म्हटलं. "तू खरं बोलत होतीस."

"मग तसं त्यांना सांगा ना." तिने पलीकडे बोट दाखवलं. जिन्यापाशी मोठ्या बाई, सर, गेटवरचे काका आणि मामा सुटकेच्या गप्पा मारत उभे होते. "तिकडे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात."

मी त्यांच्याकडे गेले. मोठ्या बाईंनी हसून मला जागा करून दिली. ताई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती, तिला ऐकायचं होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.